बोल्ट बदला, भोक वाचवा : ट्रॅक्टर व अवजारांच्या खराब आट्यांची घरच्या घरी दुरुस्ती

कोरडवाहू रब्बी ज्वारीच्या पेरणीसाठी सर्वसाधारणपणे १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा काळ शिफारस केलेला आहे. कागदावर हा अवधी महिनाभराचा दिसतो. प्रत्यक्षात पाऊस उघडून जमिनीला वाफसा आल्यापासून वरचा थर सुकेपर्यंत हाती राहतात ते मोजके दिवस. त्यातला एक दिवस पेरणी यंत्राच्या फणाचा बोल्ट नुसताच मोकळा फिरतो म्हणून गेला आणि दुसरा तालुक्याहून मिस्त्री येण्याची वाट पाहण्यात गेला, तर सुधारित बियाणे व वेळेवर आणलेले खत घरात असूनही उपयोग होत नाही. ओल तोवर खाली गेलेली असते.

कृषिविद्या शिकविणाऱ्याने नट-बोल्टवर का लिहावे, असे काही वाचकांना वाटेल. शिवारफेरीत एखाद्या शेतकरी बंधूला पेरणी उशिरा का झाली असे विचारले, तर पावसाच्या खालोखाल अनेकदा ऐकू येते ते अवजार नादुरुस्त असल्याचे कारण. खोलात गेल्यावर बिघाड मोठा नसतोच. कुठे बोल्टचे आटे गेलेले असतात, कुठे नटाची डोकी गोल झालेली असतात, कुठे बोल्ट तुटून अर्धा आत राहिलेला असतो. हे काम थोड्या समजुतीने व मोजक्या हत्यारांनी घरी होऊ शकते. मात्र कोणते काम घरी करावे आणि कोणते करू नये, हे आधी कळले पाहिजे.

या सगळ्या कामाचे एक सूत्र सुरुवातीलाच सांगतो. बोल्ट ही स्वस्त, बाजारात कुठेही मिळणारी वस्तू आहे. ज्या भोकात तो बसतो ते भोक मात्र गिअर बॉक्सच्या बिडाच्या ओतकामात, इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या आवरणात किंवा नांगराच्या सांगाड्यात असते. म्हणून बोल्ट खराब झाला तर शक्यतो बदलावा. दुरुस्तीचे कष्ट भोकासाठी राखून ठेवावेत. आपल्याकडे बहुधा याच्या उलट होते. चार रुपये वाचविण्यासाठी मेलेल्या आट्यांचा बोल्ट जोर लावून पुन्हा चढविला जातो आणि तो जाताना भोकातील आटेही सोबत घेऊन जातो.

बोल्ट धरतो कसा?

बोल्ट आवळला की तो केसाएवढा का होईना ताणला जातो. ताणलेली स्प्रिंग जशी दोन टोके एकमेकांकडे ओढते, तसा हा ताण दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो. जोड घट्ट राहतो तो या दाबामुळे. बोल्ट सैल पडला की दाब जातो, भाग एकमेकांवर हलू लागतात आणि प्रत्येक धक्का थेट बोल्टवर येतो. शेतीच्या अवजारांवरील बोल्ट तुटतात ते बहुतेक वेळा याच कारणाने. ते एका दणक्यात तुटत नाहीत; सैल राहून, हजारो वेळा वाकून-सरळ होऊन थकतात आणि मग तुटतात. रोटाव्हेटरची नवी पाती बसविल्यावर तास-दीड तास काम झाले की बोल्ट पुन्हा एकदा आवळावेत असे सांगतात, ते याचसाठी.

दुसरी गोष्ट आट्यांची. नटाच्या सर्व आट्यांवर सारखा भार येत नाही. जोडाच्या बाजूचा पहिला आटा एकटाच जवळजवळ एकतृतीयांश भार घेतो आणि पुढच्या आट्यांचा वाटा झपाट्याने कमी होत जातो. त्यामुळे ‘एकच आटा गेला आहे, बाकीचे आहेत की’ हे म्हणणे खरे नाही. कोणता आटा गेला हे पाहावे लागते. पोलादी भोकात बोल्टच्या व्यासाएवढी लांबी आत गेली तरी पुरते. बिडामध्ये व्यासाच्या दीडपट आणि ॲल्युमिनियममध्ये दुप्पट लांबी असावी. मोटारसायकलच्या इंजिनाचे आटे लवकर जातात याचे एक कारण हेच आहे. ॲल्युमिनियम मऊ असते आणि आखूड बोल्ट घातला की भार दोन-तीन आट्यांवरच येतो.

आटे खराब का होतात?

पहिले कारण गंज. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा बरेच जास्त असते. तो आट्यांच्या फटीत भरतो आणि बोल्टला पाचर मारल्यासारखा घट्ट करतो. खत व बी एकत्र पेरणाऱ्या यंत्रावर हा त्रास विशेष होतो. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये क्लोराईड असते व त्याने लोखंड झपाट्याने गंजते. पेरणी संपल्यावर खताची पेटी न धुता यंत्र गोठ्याच्या कडेला उभे केले, तर पुढच्या हंगामात खताची मात्रा कमी-जास्त करण्याचा बोल्ट हलत नाही. मग घण येतो. कोकणात खाऱ्या दमट हवेमुळे खत नसतानाही हेच होते.

दुसरे कारण बोल्ट तिरपा चढविणे. सुरुवातीपासून पाना लावला की तिरपा बसलेला बोल्टही ताकदीने पुढे जातो आणि नवे, आडवे आटे कापत जातो. यावर उपाय सोपा आहे. बोल्ट भोकावर ठेवून आधी उलटा, म्हणजे काढण्याच्या दिशेने, हलकेच फिरवावा. आट्याचे टोक टोकाखाली आले की ‘टक्’ असा बारीक झोल जाणवतो. तेथून तो नुसत्या बोटांनी सुलट फिरवावा. निदान तीन-चार फेरे बोटांनी फिरल्याशिवाय पाना लावू नये. बोटांनी फिरत नसेल तर आटे खराब आहेत, माती आहे किंवा माप चुकले आहे, असे समजावे.

तिसरे कारण अति आवळणे. याचा हिशोब करून पाहण्यासारखा आहे. २० सें.मी. लांबीच्या पान्यावर २५ किलो जोर लावला तर बोल्टवर ५ किलोग्रॅम-मीटर पीळ येतो. १० मि.मी. व्यासाच्या चांगल्या प्रतीच्या बोल्टला साधारण एवढाच पीळ हवा असतो. त्याच पान्याला पाइप घालून लांबी अर्धा मीटर केली, तर तेवढ्याच जोरात पीळ साडेबारा किलोग्रॅम-मीटर होतो. बोल्ट एक तर तुटतो किंवा भोकातील आटे ओढून बाहेर काढतो. पान्याची लांबी बनविणाऱ्याने बोल्टच्या मापानुसारच ठरविलेली असते. पाइप लावून आवळणाऱ्या गड्याचे ताकदीबद्दल कौतुक होते. खर्च मात्र मालकाला येतो. शिवाय आट्यांना तेल किंवा ग्रीस लावलेले असेल तर घर्षण कमी होऊन तेवढ्याच पिळात बोल्ट जास्त ताणला जातो, हेही ध्यानात ठेवावे.

माप ओळखण्याची पद्धत

दुकानात ‘१७ चा बोल्ट द्या’ असे सांगण्याची आपली पद्धत आहे. १७ हे बोल्टच्या डोक्याला लागणाऱ्या पान्याचे माप झाले. एम १० या बोल्टला जुन्या पद्धतीत १७ चा पाना लागतो, पण नव्या यंत्रांत त्याच बोल्टला १६ चा पाना लागलेला आढळतो. बोल्टचे खरे माप तीन गोष्टींनी ठरते : आट्यांवरचा बाहेरचा व्यास, दोन आट्यांमधले अंतर म्हणजे पिच, आणि लांबी. एम ८ चे नेहमीचे पिच १.२५ मि.मी., एम १० चे १.५, एम १२ चे १.७५ आणि एम १६ चे २ मि.मी. असते. याखेरीज बारीक आट्यांचे बोल्टही असतात. एम १० मध्ये १.२५ पिचचा बोल्ट वाहनांत सर्रास दिसतो. दीड पिचच्या भोकात सव्वा पिचचा बोल्ट एक-दोन फेरे जातो व मग अडतो. येथे जोर लावला की दोन्हींचे नुकसान.

इंची आट्यांचा गोंधळ आपल्याकडे अजून संपलेला नाही. महिंद्राने १९६३ मध्ये अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीबरोबर ट्रॅक्टर बनविण्यास सुरुवात केली. त्या काळच्या ब्रिटिश-अमेरिकी आराखड्यांवरून निघालेल्या जुन्या ट्रॅक्टरांवर इंची आटे सापडतात. उलट एच.एम.टी.चे ट्रॅक्टर १९७१ पासून चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या सहकार्याने निघाले. तेथे मेट्रिक आटे आहेत. पाण्याच्या पाइपांचे आटे तर आजही इंची व्हिटवर्थ पद्धतीचेच असतात. मेट्रिक व अमेरिकी इंची आट्यांचा कोन ६० अंश, तर व्हिटवर्थचा ५५ अंश असतो, त्यामुळे ते एकमेकांत नीट बसत नाहीत. अर्धा इंच म्हणजे १२.७ मि.मी.; एम १२ चा बोल्ट अर्ध्या इंचाच्या नटात सैल जातो व धरल्यासारखा वाटतो, पण भार येताच सुटतो.

ओळखण्यासाठी पिच गेज मिळाले तर उत्तम. ते नसेल तर खात्रीचा नवा बोल्ट जुन्या बोल्टला समांतर धरून उजेडाकडे पाहावे. दोन्हींचे आटे एकमेकांत पूर्ण लांबीभर बसले व फटीतून उजेड दिसला नाही, तर पिच सारखे आहे. हंगामापूर्वी ट्रॅक्टर व अवजारावरील नेहमी लागणाऱ्या प्रत्येक मापाचा एक नमुना बोल्ट डब्यात काढून ठेवावा. दुकानात तोच घेऊन जावे.

बोल्टची प्रतही पाहून घ्यावी. डोक्यावर ८.८ असा आकडा असेल तर तो दर चौरस मि.मी. ला सुमारे ८० किलो ताण सहन करणारा आहे, ४.६ चा बोल्ट साधारण ४० किलोचा. इंची बोल्टवर आकड्यांऐवजी रेषा असतात : तीन रेषा म्हणजे ग्रेड ५, सहा रेषा म्हणजे ग्रेड ८. काहीच खूण नसेल तर तो साधा, मऊ बोल्ट समजावा. मात्र एका ठिकाणी भारी बोल्ट मुळीच घालू नये. रोटाव्हेटर किंवा तत्सम अवजाराच्या शाफ्टवर जो शिअर बोल्ट असतो, तो दगड किंवा खोड आडवे आल्यावर तुटावा म्हणूनच तेथे बसविलेला असतो. त्याजागी हायटेन्साईल बोल्ट घातला की बोल्ट वाचतो आणि गिअर बॉक्स जातो.

गंजून बसलेला बोल्ट काढताना

प्रथम ट्रॅक्टर बंद करून किल्ली काढावी व अवजार जमिनीवर टेकवावे. उचललेल्या अवजाराखाली शिरून काम करू नये. यानंतर आटे वायर ब्रशने स्वच्छ करावेत. बाहेर दिसणाऱ्या आट्यांवर माती व गंज तसाच ठेवून नट फिरविला की तोच गाळ नटाच्या आट्यांत भरतो. मग गंज सोडविणारे तेल लावावे. ते नसेल तर रॉकेल किंवा डिझेल व थोडे इंजिन ऑईल यांचे मिश्रण चालते, पण त्याला वेळ द्यावा लागतो. संध्याकाळी लावून सकाळी काढणे बरे. मध्ये दोन-तीन वेळा हातोडीने बोल्टच्या डोक्यावर सरळ, मध्यम ठोके द्यावेत. त्यामुळे गंजाचा थर तडकतो व तेल आत शिरते.

पाना लावल्यावर आधी थोडे आवळण्याच्या दिशेने हलवावे, मग सोडवावे. हलला की एकदम काढत सुटू नये. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, पुन्हा तेल, असे करीत यावे. एवढ्यानेही न हलल्यास नट बाहेरून तापवावा. तापल्यावर नट फुगतो व पकड सुटते. येथे सावध राहावे. डिझेलची टाकी, रबरी नळ्या, ऑईल सील, कडबा किंवा वाळलेले पाचट जवळ असेल तर ज्योत लावूच नये, आणि आधी तेल लावलेले असेल तर ते पुसून घ्यावे.

आटे डावे तर नाहीत ना, हेही पाहावे. ट्रॅक्टरच्या टॉप लिंकच्या एका टोकाला उजवे व दुसऱ्याला डावे आटे असतात. म्हणूनच मधली नळी फिरविली की ती लांब किंवा आखूड होते. सायकलचे डावे पायडल व दोन चाकांच्या ग्राइंडरचा डाव्या बाजूचा नट यांचेही आटे डावे असतात. अशा ठिकाणी सोडवितो आहोत असे समजून आवळीत राहिल्याने कित्येक बोल्ट मोडलेले आहेत.

बोल्टवरील आट्यांची दुरुस्ती

नवा बोल्ट मिळत असेल तर ही दुरुस्ती करू नये. पण स्टड, यू बोल्ट, टॉप लिंकचा स्क्रू किंवा ॲक्सलचे टोक यांना लगेच पर्याय नसतो. ठोका बसून पहिले एक-दोन आटे चेपले असतील तर बारीक तिकोनी कानस पुरते. तिकोनी कानशीच्या कडेचा कोन ६० अंशांचा असतो आणि मेट्रिक आट्याचाही तोच. त्यामुळे ती खाचेत चपखल बसते. आट्याच्या उताराला धरून हलक्या हाताने चेपलेला भाग तेवढाच काढावा. नंतर तेल लावून चांगला नट हाताने चढवून पाहावा.

जास्त आटे चेपले असतील तर डाय लागतो. डाय चांगल्या आट्यांच्या बाजूने सुरू करता आला तर तो सरळ येतो. चेपलेल्या टोकाकडून सुरू केल्यास तिरपा जाण्याची भीती असते. डाय धातू कापतो, म्हणजे बोल्ट तेवढा बारीक होतो, हे विसरू नये. स्वच्छ करण्यापुरताच तो फिरवावा.

बोल्ट लांबीला कापायचा असेल तर एक साधी युक्ती आहे. करवत लावण्याआधी त्यावर एक नट चढवून ठेवावा. कापून झाल्यावर टोकाची धार कानशीने उतरवावी व नट बाहेर काढावा. बाहेर येताना नट टोकाचे आटे आपोआप सरळ करतो.

नांगराच्या फाळाचा बोल्ट निराळा. त्याचे डोके सपाट व मान चौकोनी असते. चौकोनी भोक झिजले की नट फिरविताना बोल्टही सोबत फिरतो. अशा वेळी नट छिन्नीने उभा फोडून काढावा व नवा बोल्ट घालावा. भोक फार झिजले असेल तर फाळच बदलणे योग्य; त्याची धारही तोपर्यंत संपलेली असतेच.

भोकातील आट्यांची दुरुस्ती

खरे कौशल्य येथे आहे. पहिली पायरी म्हणजे केवळ स्वच्छता. पुष्कळदा आटे गेले असे वाटते तेव्हा भोकात माती, जुना गंज किंवा वाळलेला गॅस्केटचा लेप बसलेला असतो. त्याच मापाचा टॅप तेल लावून हाताने फिरवावा. टॅप नसेल तर एका चांगल्या ८.८ प्रतीच्या बोल्टवर लोखंड कापायच्या करवतीने टोकापासून दोन-तीन उभ्या खाचा पाडाव्यात व त्यांची खर कानशीने काढावी. हा घरगुती टॅप नवे आटे पाडू शकत नाही, पण जुने आटे साफ करण्यास उत्तम. खाचांमध्ये मळ जमा होतो व बाहेर येतो.

आटे अर्धवट गेले असतील व भोक खोल असेल तर दुसरी सोय पाहावी. मूळ बोल्ट भोकाच्या तळापर्यंत पोचत नसेल तर तळाचे आटे चांगले राहिलेले असतात. तेथे थोडा लांब बोल्ट किंवा स्टड घालून काम भागते. मात्र बोल्ट तळाला टेकता कामा नये. तळाला टेकला की आवळल्यासारखा वाटतो पण भाग दाबला जात नाही, आणि बीड असेल तर तडकते. भोकाची खोली काडी घालून मोजूनच लांबी ठरवावी.

आटे पूर्ण गेले असतील तर दोन मार्ग उरतात. एक, भोक मोठे करून त्यात पुढच्या मापाचे आटे पाडणे. यासाठी ड्रिलचे माप काढण्याचा सोपा नियम म्हणजे व्यासातून पिच वजा करावे. एम १० साठी १० वजा १.५, म्हणजे ८.५ मि.मी.; एम १२ साठी १०.२, एम ८ साठी ६.८ मि.मी. अर्थात एम १० चे भोक एम १२ करायचे तर १०.२ मि.मी. ड्रिल मारून एम १२ चा टॅप फिरवावा. टॅपचा संच तीन नगांचा असतो. पहिला निमुळता, तो भोकात सरळ बसतो, दुसरा मधला, तिसरा तळापर्यंत आटे पाडणारा. पहिल्या टॅपच्या सुरुवातीच्या दोन फेऱ्यांनंतर गुण्याने दोन बाजूंनी सरळपणा तपासावा, कारण पुढे तो सुधारता येत नाही. अर्धा फेरा पुढे व पाव फेरा मागे फिरवीत जावे, म्हणजे कीस तुटतो. पोलादासाठी तेल, ॲल्युमिनियमसाठी रॉकेल वापरावे. बीड कोरडेच कापावे. टॅप कठीण पण ठिसूळ असतो. तो भोकात तुटला तर साध्या ड्रिलने निघत नाही आणि बोल्टपेक्षा मोठे दुखणे होऊन बसते. जड लागला की थांबावे व मागे घ्यावे.

या मार्गात भोकाभोवती धातू पुरेसा राहतो का, आणि वरच्या भागाचे भोकही मोठे करावे लागेल का, हे आधी पाहावे. काही मिस्त्री एम १० गेले की सात सोळांश इंचाचे आटे पाडून देतात, कारण माप थोडेच वाढते. मला ही पद्धत पसंत नाही. पुढच्या खेपेस दुसरा कोणी तेथे मेट्रिक बोल्ट घालतो आणि पुन्हा तेच रामायण सुरू होते.

दुसरा मार्ग तारेच्या वेटोळ्याचा. बाजारात त्याला हेलिकॉइल म्हणतात. स्टेनलेस स्टीलच्या तारेची ही स्प्रिंगसारखी गुंडाळी असते. तिला आतून मूळ मापाचे व बाहेरून थोड्या मोठ्या मापाचे आटे असतात. किटमधील ड्रिलने भोक किंचित मोठे करावे, किटमधील खास टॅपने आटे पाडावेत व गुंडाळी पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा फेरा खाली जाईपर्यंत फिरवून बसवावी. तळाशी तारेचे आडवे टोक असते ते तोडून बाहेर काढावे. यानंतर मूळ मापाचाच बोल्ट बसतो. ॲल्युमिनियममध्ये तर हे आटे पहिल्यापेक्षाही भक्कम होतात, कारण भार मोठ्या व्यासावर पसरतो आणि झीज स्टीलवर येते. किट एका मापापुरतेच असते. त्यामुळे प्रत्येकाने ते घेण्यापेक्षा गावातील चार-पाच ट्रॅक्टरमालकांनी मिळून एम ८, एम १० व एम १२ ची किटे घेतलेली परवडतात.

मोटारसायकलचा इंजिन ऑईल काढण्याचा बोल्ट हे या दुरुस्तीचे नेहमीचे ठिकाण. ड्रिल व टॅप यांच्या खाचांत ग्रीस भरून काम करावे, म्हणजे कीस ग्रीसला चिकटून बाहेर येतो. शेवटी थोडे तेल वरून ओतून खालून वाहू द्यावे व मगच नवा वॉशर घालून बोल्ट लावावा. वॉशर जुनाच ठेवला की तेल झिरपते, झिरपते म्हणून जास्त आवळले जाते आणि तेथेच आटे जातात. स्पार्क प्लग बसविताना त्याच्या वरच्या टोकावर रबरी नळीचा वीतभर तुकडा चढवून त्याने फिरवावा. प्लग तिरपा गेला तर नळी घसरते. पाना घसरत नाही, तो आटे कापतो.

तुटलेला बोल्ट

बोल्ट तुटून थोडा बाहेर राहिला असेल तर त्यावर मोठा नट ठेवून आतून वेल्डिंग करून घ्यावे. नटाला पाना लावता येतो आणि वेल्डिंगच्या उष्णतेने गंजही सुटतो. ट्रॅक्टरवर वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह तार व अल्टरनेटरच्या जोडण्या काढून ठेवाव्यात. स्टड चांगला असेल तर त्यावर दोन नट एकमेकांवर आवळावेत व खालच्या नटाला पाना लावून तो काढावा. बोल्ट आतच तुटला असेल तर तोंड सपाट करून बरोबर मध्यावर पंच मारावा, लहान ड्रिलने भोक पाडून ते वाढवीत न्यावे. मध्य साधला तर राहिलेले आट्यांचे कवच टोकदार पंचाने आत दुमडून काढता येते. या सर्व कामांत डोळ्यांवर चष्मा हवाच.

ब्रेक, स्टिअरिंग, पुढची व मागची चाके, आणि ट्रॉली जोडण्याचा हूक येथील आटे घरी दुरुस्त करू नयेत. तेथे भाग नवा घालावा किंवा काम अधिकृत वर्कशॉपमध्ये द्यावे. ट्रॉलीत माणसेही बसतात.

कोणती हत्यारे घ्यावीत?

शंभर नगांची चकचकीत पेटी पाहून मोह होतो. त्यातील बरेच नग कधीच लागत नाहीत आणि जे रोज लागतात ते मऊ निघतात. त्यापेक्षा क्रोम व्हॅनेडियम पोलादाचे मोजके पाने नामांकित कंपनीचे घ्यावेत. पहिली खरेदी रिंग पान्यांच्या संचाची करावी. ६×७ पासून २०×२२ पर्यंतच्या आठ पान्यांत बरेचसे काम होते. ट्रॅक्टरसाठी त्यात २४×२७ व ३०×३२ ची भर घालावी. फिक्स पाना नटाच्या दोनच बाजू धरतो, रिंग पाना चहूबाजूंनी धरतो. म्हणून सैल करण्याची पहिली झटक व आवळण्याची शेवटची झटक रिंग पान्याने द्यावी. फिक्स पाना नुसता फिरविण्यासाठी. गोल होऊ लागलेल्या नटाला बारा कोनी रिंगपेक्षा सहा कोनी सॉकेट जास्त धरते, म्हणून अर्ध्या इंची चौकोनाचे सहा कोनी सॉकेट १० ते ३२ पर्यंत जमेल तसे घ्यावेत.

स्क्रू पाना अडीअडचणीला ठेवावा, पण त्यावर भिस्त ठेवू नये. त्याचा जबडा जोर येताच उघडतो. पाइप पाना पाइपसाठीच आहे. नटाला तो लागला की नट गेला असे समजावे. जुन्या इंची ट्रॅक्टरसाठी वेगळा संच घ्यावाच असे नाही. पाऊण इंचाच्या नटाला १९ चा व पाच अष्टमांश इंचाला १६ चा पाना ठीक बसतो. परंतु अर्ध्या इंचाच्या नटाला १३ चा सैल होतो आणि नऊ सोळांशला १४ चा जात नाही, १५ चा घसरतो. एवढे दोन इंची पाने मात्र वेगळे घ्यावेत.

यापुढे वायर ब्रश, तिकोनी कानस, सेंटर पंच, छिन्नी, पाऊण किलोची हातोडी, करवत, आणि एम ८, एम १०, एम १२ चे टॅप व त्यांची ड्रिल एवढे असले की घरचे वर्कशॉप झाले. हल्ली बॅटरीवर चालणारे इम्पॅक्ट पाने मिळतात. सोडविण्यास ते छान आहेत, पण त्यांनी बोल्ट सुरू करू नये. तिरपा बोल्टही ते डोळ्यांदेखत आत घालतात. इंजिनाच्या हेडसारख्या कामासाठी टॉर्क पाना लागतो. तो वर्षातून एकदा लागणारा म्हणून गटात एकच पुरतो. वापरून झाल्यावर त्याची स्प्रिंग सर्वांत कमी आकड्यावर आणून ठेवावी.

खरीप व रब्बी पेरणी संपली की पेरणी यंत्राची खताची पेटी धुऊन वाळवावी, मात्रा बदलण्याचे व फणाचे बोल्ट एकदा काढून आट्यांना ग्रीस लावून परत घालावेत. सायलेन्सरजवळचे बोल्ट तापतात, तेथे साधे ग्रीस जळून जाते. तांब्याचे ग्रीस मिळाल्यास ते लावावे. चाकांच्या नटांना मात्र ग्रीस लावू नये.